रोजच्या १,०३,६८० कटिंग

टपरीवर जा, कटिंग सांगा आणि तो काचेचा छोटा ग्लास हातात आला की लगेच तोंडाला लावू नका. आधी नीट बघा. पुढचा सगळा हिशोब त्या ग्लासाच्या मापाने करायचा आहे. टपरीगणिक थोडं कमीजास्त होईल, पण त्यात साधारण ७० मिलिलिटर चहा असतो. आणि तुमच्या छातीतलं ते मुठीएवढं, तीनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त बाहेर ढकलतं, तेही ७० मिलिलिटरच. एक ठोका, एक कटिंग.

काहीच नाही, असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. मग मी गुणाकार केला.

मिनिटाला ७२ ठोके धरू, म्हणजे मिनिटाला ७२ कटिंग. ऑफिस सुटायच्या वेळेला स्टेशनबाहेरचा टपरीवालासुद्धा एवढा हात चालवत नाही. तासाला ४,३२०. दिवसाला १,०३,६८०. एका दिवसात एक लाख तीन हजार सहाशे ऐंशी कटिंग! दहा रुपयांचा भाव लावला तर रोजचा गल्ला १० लाख ३६ हजार ८०० रुपये. वर्षाचा ३७ कोटी ८४ लाख. सत्तर वर्षांचं आयुष्य धरलं तर २,६४९ कोटी रुपयांचा चहा, आणि तोही एका माणसाच्या एका मुठीने ओतलेला. सुट्टी नाही, दुपारची झोप नाही, ‘दूध संपलंय साहेब’ नाही. शिवाय हा सगळा आरामातला भाव झाला. तुम्ही खुर्चीत बसलेले आहात तेव्हाचा. बस पकडायला धावलात की भाव दुप्पट-तिप्पट, आणि एखादा कसलेला धावपटू शर्यतीत असेल तर सातपट.

आता कटिंगचे लिटर करू. मिनिटाला ७२ गुणिले ७० म्हणजे पाच लिटर. तासाला ३०० लिटर. दिवसाला ७,२०० लिटर. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा, तशा सात टाक्या भरून आठवीला हात घातलेला. रोज!

आणि शरीरात रक्त आहे किती? पाच लिटर. खरंच एवढंच. स्वयंपाकघरात तेलाचा पाच लिटरचा कॅन असतो, तो उचलून बघा. तुमच्यात आहे ते सगळं तेवढ्यात मावतं. म्हणजे भांडवल पाच आणि रोजची उलाढाल सात हजार दोनशे! मार्केट यार्डातल्या कुठल्याही आडत्याला सांगून बघा, तो चष्मा काढून तुमच्याकडे बघत राहील. तोच पाच लिटरचा कॅन, मिनिटाला एक फेरी, दिवसाला १,४४० फेऱ्या.

ही उलाढाल आपल्याला शाळेत शिकवली म्हणून सोपी वाटते. पण रक्त फिरतं, तेच ते रक्त परत येतं, हे माणसाला कळलं तेच मुळी गुणाकारामुळे. ही गोष्ट मला इतकी आवडते की इथे थोडं थांबणार आहे.

दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन सांगून गेला होता की खाल्लेल्या अन्नाचं यकृतात रक्त होतं, ते शरीरभर पसरतं आणि तिथेच जिरतं. पाटाचं पाणी शेतात जिरावं, तसं. जिरलं की नवं रक्त तयार. चौदाशे वर्षं युरोपातले वैद्य मान डोलवत राहिले. मग लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या विल्यम हार्वीने १६२८ साली लॅटिनमध्ये एक पुस्तक छापलं, फ्रँकफर्टला. अवघं ७२ पानांचं. इकडे शिवनेरीवर शिवजन्म व्हायला अजून दोन वर्षं होती. त्या पुस्तकात हार्वी अगदी वाण्यासारखा हिशोब मांडतो. एका ठोक्याला हृदयातून किती रक्त जात असेल? समजा, फक्त अर्धा औंस. अर्ध्या तासात ठोके किती? समजा, फक्त हजार. दोन्ही आकडे त्याने मुद्दाम कमी धरले, म्हणजे कुणी ‘फुगवलंस’ म्हणायला नको. तरी उत्तर आलं ५०० औंस. अर्ध्या तासात चौदा किलो रक्त! अख्ख्या माणसात मिळून नाही एवढं. मग यकृत हे आणतंय कुठून?

आपल्या आजच्या आकड्यांनी तोच हिशोब करू. गेलनचं खरं असतं तर तुमच्या यकृताला रोज सात टनांच्या वर रक्त तयार करावं लागलं असतं, आणि तेवढं रक्त होण्यासाठी तुम्हाला रोज निदान सात टन जेवावं लागलं असतं. ट्रकभर भाकरी. सकाळी एक ट्रक, आणि उद्या सकाळी पुन्हा दारात दुसरा. ज्याअर्थी असा ट्रक कुणाच्या दारात येत नाही, त्याअर्थी तेच रक्त फिरून परत येतं. संपला वाद! जाणाऱ्या धमन्या आणि परत येणाऱ्या शिरा यांना जोडणाऱ्या बारीक वाटा मात्र हार्वीला कधीच दिसल्या नाहीत. त्या आहेतच, एवढं गणित त्याला सांगत होतं. तो १६५७ मध्ये गेला, आणि १६६१ मध्ये इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसल्या. केसाहून बारीक. उत्तर आधी आलं, पुरावा तेहतीस वर्षांनी.

तर मिनिटाला पाच लिटर. हा आकडा कागदावर गरीब दिसतो, हापशावर दिसत नाही.

मागच्या मे महिन्यात बहिणीच्या सासरी गेलो होतो, माण तालुक्यातल्या एका वाडीत. गोठ्यामागे हापसा आहे आणि त्याच्या शेजारी दोनशे लिटरचं निळं पिंप. मला सुचलं, मिनिटाला पाच लिटर म्हणजे हे पिंप हृदय चाळीस मिनिटांत भरतं. चाळीस मिनिटं आपणच हृदय व्हायचं! भाच्याने मोबाइलवर घड्याळ लावलं. पहिली बादली मजेत गेली. दुसऱ्या बादलीला शर्ट भिजला. चौथ्या बादलीला दांडा वर जाताना खांदा कुरकुरायला लागला आणि तळहाताला फोड यायची चिन्हं दिसली. पंधराव्या मिनिटाला मी दांडा सोडून गोठ्याच्या ओट्यावर बसलो. भाचा पिंपात डोकावून म्हणाला, “मामा, पाव पिंपच झालंय. आणि तुमचं हृदय बंद पडलं.”

पाव पिंपात मी गार झालो होतो. खरं हृदय दिवसाला अशी ३६ पिंपं भरतं, म्हणजे मी झोपून उठेपर्यंत दहा-बारा.

बहिणीचे सासरे हे सगळं विडी ओढत बघत होते. ते म्हणाले, “विहिरीचं सांगा.” म्हणून विहिरीचं काढलं. त्यांची विहीर वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल आहे. काठोकाठ भरली (जी ती हल्ली भरत नाही) तर तीन लाख ५६ हजार लिटर पाणी होतं. हृदय ती एकोणपन्नास दिवसांत उपसून कोरडी करेल. वर्षाला सात विहिरी. सत्तर वर्षांत ५१७ विहिरी! सासरे थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “आमची मोटर लाइट असली तरच चालती.”

मुंबई-पुणेवाल्यांसाठी दुसरं माप. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पुण्याहून सुटते. १ जून १९३० पासून ती धावते आहे आणि १९२ किलोमीटरला सव्वातीन तासांच्या आसपास घेते. तुम्ही खिडकी पकडली, लोणावळा गेलं, घाट उतरला, ऑम्लेट खाल्लं, कल्याणला डुलकी लागली, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात. काही केलं का तुम्ही? काही नाही. तेवढ्यात १४,००० ठोके पडले आणि ९७५ लिटर रक्त गेलं. गच्चीवरची एक अख्खी काळी टाकी, बसल्या जागी! पासधारकाचं रोजचं जाणं-येणं धरलं तर दोन टाक्या फक्त प्रवासात.

बरं, हे रक्त जातं कुठे? मार्ग थोडक्यात सांगतो, कारण तो शाळेच्या पुस्तकात आकृतीसकट आहे. शरीरभर फिरून दमलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जातं, प्राणवायू भरून डाव्या बाजूला येतं, आणि डावी बाजू त्याला महाधमनीत जोरात फेकते. एक जवळची फेरी, एक लांबची. दोन्ही फेऱ्यांना गाडी तीच. चार झडपा आहेत, त्या एकाच दिशेने उघडतात, म्हणून उलटं जायची सोय नाही.

गाडीत बसलेले प्रवासी मात्र मोजायलाच हवेत.

रक्तातली एक तांबडी पेशी घ्या. रुंदी साडेसात मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर अशा सव्वाशेच्या वर पेशी शेजारी शेजारी बसतील. या एवढ्याशा पेशीत हिमोग्लोबिनचे २७ कोटी रेणू आहेत. प्रत्येक रेणूवर प्राणवायूच्या चार रेणूंची जागा. सत्तावीस चोक एकशे आठ. एका पेशीत १०८ कोटी प्रवासी! मुंबईची जुनी नऊ डब्यांची लोकल सतराशे माणसांसाठी बांधलेली असायची आणि गर्दीच्या वेळी साडेचार हजार माणसं कोंबून न्यायची. अशा दोन लाख चाळीस हजार लोकल भरल्या की एका तांबड्या पेशीचे प्रवासी होतात. मुंबईच्या सगळ्या लोकल मिळून रोज सत्तर लाखांच्या आसपास माणसं वाहतात. म्हणजे सगळ्या मार्गांवरच्या सगळ्या लोकल पाच महिने धावल्या, तेव्हा कुठे एका पेशीची बरोबरी झाली. एका!

आणि पेशी किती? सुमारे २५ लाख कोटी.

हा आकडा ओळखीचा वाटतोय का? वाटायलाच हवा. २०२४-२५ चा केंद्राचा अर्थसंकल्प ४८ लाख कोटी रुपयांच्या आसपास होता. प्रत्येक तांबड्या पेशीला एक रुपया दिला तर तुम्ही एकट्याने निम्म्याहून जास्त देश चालवाल. दर सेकंदाला एक याप्रमाणे त्या मोजायला बसलात तर सात लाख नव्वद हजार वर्षं लागतील. उलट बाजूने सांगायचं तर आज मोजणी संपवायची असेल, तर ती जेव्हा सुरू करायला हवी होती तेव्हा आपल्या जातीचा माणूसच पृथ्वीवर आलेला नव्हता. एकापुढे एक ओळीने मांडल्या तर रांग १ लाख ८७ हजार ५०० किलोमीटर. मुंबई-पुणे रस्त्याने १५० किलोमीटर धरलं, तर १,२५० वेळा मुंबई-पुणे. किंवा इथून निघून चंद्राच्या जवळजवळ अर्ध्या वाटेवर. एका माणसाच्या तेलाच्या कॅनमधून निघालेली रांग!

या पेशी टिकतात १२० दिवस. नंतर मोडीत. मग नव्या लागणारच. हाडांच्या मगजात सेकंदाला सुमारे २३ लाख नव्या पेशी तयार होतात. एक सेकंद, २३ लाख. वानखेडे स्टेडियम भरलं की तेहतीस हजार माणसं बसतात. तुम्ही ‘आउट’ म्हणेपर्यंत सत्तर वानखेडे भरली, आणि दुसऱ्या दाराने सत्तर वानखेडे रिकामी झाली. गणेशोत्सवातल्या शिबिरात तुम्ही ३५० मिलिलिटर रक्त देता ते म्हणजे किती? पाच ठोके. हृदयाचं चार सेकंदांचं काम. आपण मात्र ते दिल्यावर बिस्किटाचा पुडा, चहा आणि प्रमाणपत्र घेऊन दोन दिवस सगळ्यांना दंडावरची पट्टी दाखवत हिंडतो.

आता रस्त्यांची लांबी. इथे सगळे जण छाती फुगवून सांगतात की शरीरातल्या रक्तवाहिन्या टोकाला टोक जोडल्या तर एक लाख किलोमीटर होतात, पृथ्वीला अडीच वेढे. मीही वर्षानुवर्षं सांगत आलो. हा आकडा आला ऑगस्ट क्रोगकडून. डेन्मार्कचा हा शास्त्रज्ञ १९२० चा नोबेल मानकरी, साधा माणूस नव्हे. पण हिशोबात त्याने धरलेल्या माणसाच्या अंगावर ५० किलो नुसते स्नायू होते. पन्नास किलो! असा माणूस कोल्हापूरच्या तालमीतही शोधावा लागेल. नंतरच्या संशोधकांनी तुमच्या-माझ्यासारखा माणूस धरून हिशोब केला आणि आकडा ९ ते १९ हजार किलोमीटरवर आणला. क्षणभर मला वाईट वाटलं. मग पुन्हा वाचलं. नऊ हजार किलोमीटर! कोकण रेल्वे अख्खी ७४१ किलोमीटर आहे. म्हणजे कमीत कमी धरलं तरी तुमच्या कातडीखाली बारा कोकण रेल्वे गुंडाळून ठेवलेल्या आहेत, जास्तीत जास्त धरलं तर पंचवीस. साठ वेळा मुंबई-पुणे. वाईट कशाला वाटून घ्यायचं?

दुसरा एक आकडा मात्र मी फेकून दिला आहे. रक्त रोज १९ हजार किलोमीटर प्रवास करतं, असा संदेश दर महिन्याला कुणी ना कुणी पाठवतं. भागाकार करा की! तासाला आठशे किलोमीटर होतात. हा विमानाचा वेग झाला. महाधमनीत, जिथे रक्त सगळ्यात जोरात धावतं, तिथे सरासरी वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या घरात असतो. त्या वेगाने दादरहून पुण्याला निघालात तर सहाव्या दिवशी पोहोचाल. आणि केशवाहिन्यांत, म्हणजे त्या केसाहून बारीक वाटांत, वेग सेकंदाला अर्धा मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरने मुंबई-पुणे करायला साडेनऊ वर्षं! पहिलीत असताना दादरहून निघालेलं पोर दहावीची परीक्षा शिवाजीनगरला देईल.

एवढं संथ का? रस्ता फुटतो म्हणून. महाधमनी म्हणजे एक्स्प्रेसवे, आणि पुढे त्याच्या इतक्या गल्ल्याबोळ होतात की त्या सगळ्यांची मिळून रुंदी मूळ रस्त्याच्या शेकडो पट होते. मग गर्दी सैल पडते, वेग मरतो. आणि मरायलाच हवा, कारण प्रवासी उतरायचे आहेत ते इथेच. गल्ली एक मिलिमीटरसुद्धा लांब नसते, पेशी सेकंद-दोन सेकंदांत पार होते. काही गल्ल्या पेशीपेक्षाही अरुंद असतात, तिथे पेशी चक्क दुमडून आत शिरते, आपण साडेआठच्या विरार लोकलमध्ये एक खांदा आधी घालून शिरतो तशी. फुप्फुसात तर ती पाऊण सेकंद थांबते, आणि तिचा प्राणवायू पहिल्या पाव सेकंदातच भरून होतो. पाव सेकंदात १०८ कोटींचा डबा भरतो! दादरला लोकल अर्धा मिनिट थांबते आणि तरी माझी पिशवी बाहेर राहते.

परतीची वाट चढाची आहे. पावलापाशी गेलेलं रक्त हृदयाकडे चार फूट वर यायचं, आणि इथवर येईतो मागचा जोर जवळजवळ संपलेला. बोरघाटात अशी अडचण रेल्वेलाही आली. सदतीसला एक असा चढ. म्हणून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागे जादा इंजिनं लागतात. बँकर म्हणतात त्यांना. ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलून देतात आणि सुटतात. तुमच्या पायात हे बँकर पोटरीत बसलेले आहेत. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं, आणि शिरेतली झडप मागून बंद होते, म्हणजे घसरायचं नाव नको. पुढचं पाऊल, पुढचा टप्पा. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगीच नाही. दिवसभर काउंटरमागे उभं राहणाऱ्याचे पाय संध्याकाळी का सुजतात? बँकर लागलेच नाहीत.

एवढ्या कामाला वीज किती जळत असेल, सांगा बघू. मी हा हिशोब केला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कुठेतरी शून्य विसरलो. एका ठोक्याचं काम साधारण एक जूल भरतं. शंभर ग्रॅमचा बिस्किटाचा पुडा जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवायचा, बस. दिवसाला असे एक लाख पुडे. हे सगळे पुडे मिळून विजेचं एक युनिट व्हायला लागतात पस्तीस दिवस! वर्षाला साडेदहा युनिट. सत्तर वर्षांचं अख्खं आयुष्य ७३५ युनिटांत आटोपलं. एसी लावणारं घर एवढं उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत सहज जाळतं. नुसतं ढकलण्याचं काम धरलंय हं, हृदय खातं ते याच्या चार-पाच पट.

पण थांबा, हिरमुसू नका. त्याच पुड्यांची दुसरी बेरीज करू. राजधानी-दुरांतोला लागतं ते डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. तुमच्या हृदयाचं रोजचं काम साठवत गेलं, एकेक पुडा, एकेक ठोका, तर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते इंजिन समुद्रसपाटीवरून उचलून कळसूबाईच्या देवळाशेजारी ठेवलेलं असेल. तीनशे ग्रॅमच्या मुठीने! आणि सत्तरीपर्यंत हात थांबले नाहीत तर शिखराच्याही वर अर्धा किलोमीटर हवेत.

गंमत म्हणजे ही मूठ आळशी आहे. एका ठोक्याला ०.८३ सेकंद लागतात, त्यात आवळण्याचं काम ०.३ सेकंदांचं आणि बाकीचा वेळ सैल पडून भरून घेण्याचा. सत्तर वर्षांत पंचवीस वर्षांची नोकरी आणि पंचेचाळीस वर्षांची रजा. फक्त ही रजा एका वेळी अर्ध्या सेकंदाचीच मंजूर होते.

बाकी प्राण्यांच्या मानाने आपण श्रीमंतच. उंदराचं हृदय मिनिटाला सहाशे वेळा पडतं आणि तो तीन वर्षं जगला तरी खूप. हत्तीचं मिनिटाला तीस, आणि तो साठीला पोहोचतो. दोघांचा गुणाकार करा, दोघांचे ठोके ९४-९५ कोटीच भरतात! बिळातल्याला आणि जंगलातल्याला खात्यावर एकच रक्कम. माणसाच्या खात्यावर २६५ कोटी. हे पावणेतीनपट कशाबद्दल, ते मला विचारू नका.

आता शेवटचा गुणाकार, आणि तो मी खडकवासल्याच्या चौपाटीवर बसून केला. पावसाळ्यातला रविवार होता, कणसाच्या गाड्यांची रांग, धरणाचे दरवाजे उघडलेले, पाण्याचा असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. मनात आलं, एका हृदयाचं पुरे झालं. सगळ्यांचं काढू.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २३ लाख ७४ हजार. (पोरांची हृदयं लहान, मान्य. पण तेव्हापासून माणसंही वाढली आहेत, तिकडचं इकडे.) माणशी पाच लिटर रक्त, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राचं मिळून ५६ कोटी लिटर. धरणाच्या मापात ०.०२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. खडकवासला स्वतः १.९७ टीएमसीचं, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचं रक्त समोरच्या या धरणाचा शंभरावा भाग. तळाशी जरासं ओलं होईल, एवढंच. आता तेच रक्त फिरवा. माणशी रोज ७,२०० लिटर. आठ हजार कोटी लिटर? नाही, एक शून्य राहिलं. ऐंशी हजार कोटी लिटर! टीएमसीत साडेअठ्ठावीस.

पुणेकरांनी हा आकडा वाचून चमकायला हवं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं काठोकाठ भरली की २९.१५ टीएमसी होतात. पेपरात जुलै महिनाभर ज्या आकड्यासाठी आपण देव पाण्यात ठेवतो, जवळजवळ तेवढं पाणी महाराष्ट्राची हृदयं एका दिवसात उपसतात. एका दिवसात चारही धरणं! चार दिवस पुरे व्हायच्या आत १०५ टीएमसीचं कोयना. आणि इतका वेळ मी फक्त डाव्या बाजूचाच हिशोब सांगतोय. फुप्फुसाकडे ढकलणारी उजवी बाजूही मिनिटाला तेवढेच पाच लिटर टाकते. तीही धरा. रोज ५७ टीएमसी. कोयना दोन दिवसांच्या आत!

मी मोबाइलवरचा आकडा कणीसवाल्या मावशींना दाखवला. त्यांनी पंखा मारता मारता एक नजर टाकली आणि विचारलं, “तिखट-लिंबू लावू का?”

कणीस भाजून व्हायला पाच मिनिटं लागली. माझे पंचवीस लिटर, मावशींचे पंचवीस लिटर. पंखा मारणाऱ्या हाताचे थोडे जास्तच.